ओल्या चुन्यावरची पंगत

भिंतीवर काढलेल्या कुठल्याही चित्राला लोक सर्रास फ्रेस्को म्हणतात आणि माझ्या डोक्यात तिडीक जाते. परवा शेजारच्यांनी हॉटेलात जेवायला नेलं. तिथं भिंतीला प्लायवुड ठोकून त्यावर ऑइलपेंटनं हत्ती, अंबारी, चवऱ्या ढाळणाऱ्या बायका असं सगळं काढून ठेवलेलं. शेजारीण कौतुकानं म्हणाली, बघा, तुमचं फ्रेस्को! मी मुकाट्यानं सूप प्यायले. आता या वयात कुणाकुणाला शिकवत बसायचं? पण घरी आले ती धुसफुसतच.

फ्रेस्को हा इटालियन शब्द. त्याचा अर्थ एवढाच, की ताजा. चित्र ताजं नव्हे, भिंत ताजी. भिंतीवर चुन्याचा ओला गिलावा चढवायचा आणि तो ओला आहे तोवर, नुसत्या पाण्यात कालवलेल्या रंगांनी त्यावर चित्र काढायचं. डिंक नाही, सरस नाही, तेल नाही. चुना सुकता सुकता रंग पोटात घेतो आणि दगड होतो. मग तो रंग भिंतीवरचा राहत नाही, भिंतीचाच होतो. सुकलेल्या भिंतीवरचं चित्र कितीही देखणं असो, ते फ्रेस्को नव्हे. आपली अजिंठ्याची चित्रंसुद्धा या अर्थानं फ्रेस्को नव्हेत, असं मी म्हटलं की मराठी माणसं माझ्याकडे मी घरभेदी असल्यासारखी बघतात. बघोत बापडी.

मला हे कलकत्त्याच्या आर्ट कॉलेजात कळलं. भित्तिचित्रं शिकवणारे आमचे मास्टरमोशाय रोज बाजार करूनच वर्गावर यायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी पिशवीतून एक मासा काढला, त्याचा कल्ला उघडून आतला लाल रंग दाखवला आणि म्हणाले, "फ्रेस्को माने टाटका." टाटका म्हणजे ताजा. हा मासा संध्याकाळपर्यंत जेवढा ताजा राहील तेवढीच तुमची भिंत, असं त्यांनी सांगितलं आणि मासा परत पिशवीत टाकला. मी शाकाहारी घरातली, नाकाला पदर लावून बसले होते. पण अक्कल आली ती त्या माशामुळेच. दिवसभरात जेवढं रंगवून होईल तेवढाच गिलावा सकाळी लावायचा. संध्याकाळी उरला असेल तो थापीनं तिरका कापून टाकायचा आणि दुसऱ्या दिवशी तिथून पुढे. चुकलं तर खोडता येत नाही, वरून झाकता येत नाही. तेवढा तुकडा छिन्नीनं फोडायचा, नवा गिलावा लावायचा आणि नव्यानं सुरुवात करायची.

बाबा केंद्र सरकारच्या हिशेब खात्यात होते. पासष्टच्या सुमारास त्यांची पुण्याहून कलकत्त्याला बदली झाली आणि आम्ही दक्षिण कलकत्त्यातल्या सरकारी क्वार्टर्समध्ये राहायला आलो. आई, बाबा, मी आणि माझा धाकटा भाऊ. आमच्या घरात कलकत्ता खऱ्या अर्थानं कुणाला मानवलं असेल तर ते त्याला. आल्या वर्षभरात तो असं बंगाली बोलायला लागला, की त्याचे मित्र मला विचारायचे, हा नक्की तुमच्याच घरातला ना? गल्लीतली म्हातारी माणसं आम्हाला 'बर्गी' म्हणून चिडवत. मराठ्यांचे घोडे कधीकाळी बंगाल लुटून गेले, त्याचा राग ते आमच्या भाजीच्या पिशव्यांवर काढायचे. धाकटा त्यांना म्हणायचा, आजोबा, या वेळी आम्ही फक्त कॉलीफ्लॉवर न्यायला आलोय.

सत्तर साल उजाडलं तेव्हा तो फिजिक्स शिकत होता. त्याचा वर्ग बंदच असायचा. सगळ्या शहराच्या भिंती क्रांतीच्या घोषणांनी भरल्या होत्या, बॉम्बचे आवाज आले तरी बायका कपडे वाळत घालायच्या थांबत नव्हत्या. पोरं घरातून जात होती ती परत येत नव्हती. आमचाही एके दिवशी दुपारी जेवून, हात धुऊन, कॉलेजात जाऊन येतो म्हणून गेला तो गेलाच. आठवड्याभरात पोलीस घरी आले. गाद्या उलथल्या, पुस्तकं नेली आणि त्याचा फोटो मागितला.

फोटो नव्हता. बाबांनी आधीच सगळे जाळले होते. शेगडीपुढे बसून, अल्बमचं एकेक पान उलटत, ज्यात ज्यात तो होता तो प्रत्येक फोटो त्यांनी निखाऱ्यावर टाकला. मुंजीतला, बारशातला, आईच्या मांडीवरचासुद्धा. अल्बममध्ये राहिले फोटोंचे काळे कोपरे. कॉलेजचं ऑफिस पोरांनीच पेटवून दिलं होतं, त्यामुळे तिथंही काही उरलं नव्हतं. आमच्याकडे कॅमेराच नाही, असं बाबांनी त्या अंमलदाराला सांगितलं. आयुष्यात खोटं बिल पास न केलेला तो माणूस इतक्या शांतपणे खोटं बोलला, की मला भीती वाटली.

पोलिसांकडे नाव होतं, चेहरा नव्हता. एवढ्यावर तो वाचत होता. पकडलेल्या पोरांचं काय होतं ते आम्ही ऐकत होतो. कधी कुणी हावड्याच्या फेरीबोटीवर त्याला पाहिल्याचं सांगून जाई, कधी भाजीवाला पिशवी देता देता "भालो आछे" एवढंच पुटपुटे. बरा आहे. त्या दोन शब्दांवर आई पुढचे कितीतरी दिवस स्वयंपाक करायची. मात्र फोटो जाळल्याबद्दल तिनं बाबांना माफ केलं नाही. तिला ते पटत होतं आणि तरीही ती माफ करत नव्हती. एकदा मला म्हणाली, रोज सकाळी उठल्यावर आधी त्याचं तोंड आठवून बघते, आज कपाळ आठवायला वेळ लागला.

बाबांची नागपूरला बदली आली, बढतीसकट. त्यांनी ती नाकारली. तो परत आला तर त्याला हाच पत्ता ठाऊक होता.

अशा दिवसांत आमच्या मराठी मंडळाला भिंत रंगवून घ्यायची हौस आली. मंडळानं नवा हॉल बांधला होता आणि त्याची लांबचलांब भिंत पांढरीफटक राहिली होती. चिटणीस एका बँकेत अधिकारी होते, अत्यंत सज्जन आणि अत्यंत भित्रे. त्यांनी बाबांना गाठून म्हटलं, तुमच्या मुलीनं अजिंठ्यासारखं काहीतरी काढून द्यावं. मी नुकतीच डिप्लोमा होऊन घरी बसले होते, आणि घरात बसवत नव्हतं. मी म्हटलं, अजिंठ्यासारखं नाही, खरं फ्रेस्को करीन. आणि विषय ठरवला पंगत. लग्नाची, लांब, एका रांगेत बसलेली माणसं, पुढे केळीची पानं. बंगालात केळीच्या पानांना काय तोटा.

पण या पंगतीतली माणसं मंडळाचीच घ्यायची, असं कार्यकारिणीत कुणीतरी सुचवलं आणि माझ्या डोक्याला जो ताप झाला तो काय सांगावा! अध्यक्षांच्या शेजारी कोण? कलकत्त्यातच जन्मलेली जुनी घरं वरच्या टोकाला, की बदलून आलेले साहेब? एका बाईंना नथ हवी होती, एकांना मधुमेह होता म्हणून त्यांच्या पानावर जिलबी नको होती. चित्र अर्ध्यावर आलं तेव्हा महिला मंडळानं येऊन सांगितलं, की चटणी-कोशिंबीर चुकीच्या बाजूला वाढली आहे. मी म्हटलं, अहो, जेवणारे तुमच्याकडे तोंड करून बसलेत, त्यांची डावी बाजू बघा ना! त्यांना ते पटलं नाही. शेवटी त्यांच्यातल्याच एक बाई भिंतीला पाठ टेकून, मांडी घालून बसल्या आणि हात हलवून बघितल्यावर प्रकरण मिटलं.

तरी ते दिवस मला जड गेले नाहीत. थंडी होती, हवा कोरडी होती. चुना आधीपासून पाण्यात मुरवून ठेवला होता, लोण्यासारखा मऊ झाला होता. रंग सगळे मातीचे. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काळ्यासाठी कोळसा. सकाळी गवंडी गिलावा चढवून द्यायचा आणि त्यावर ब्रश टेकवला की भिंत तो ओढून घ्यायची. त्या तंद्रीत मी बाहेरचं सगळं विसरायचे. विसरायचे, आणि मग एकदम ब्रश थांबायचा, की आपण विसरलो कसे?

धाकट्यासाठी मी पंगतीच्या मधोमध एक जागा रिकामी ठेवली. पाट, पुढे पान, पानावर सगळं वाढलेलं, आणि पाटावर कुणी नाही. मला ते फार सूचक वाटलं होतं. आर्ट कॉलेजात असलंच शिकवतात, जे आहे ते नाहीतून दाखवावं वगैरे. आई बघायला आली. तिला वाटलं मला अजून तिथं कुणाला तरी बसवायचंय. मी म्हटलं, नाही, ही त्याची जागा. ती भिंतीपासून मागे सरकली.

"रिकाम्या पाटापुढे वाढलेलं पान कुणाचं असतं, ठाऊक आहे ना?" ती म्हणाली. "माझ्या जित्या पोराचं श्राद्ध घातलंस तू भिंतीवर."

खरंच सुचलं नव्हतं मला. पितरांचं पान मी लहानपणापासून बघितलेलं, तसंच, कुणी न बसलेल्या पाटापुढचं. ती जागा आत्ताच्या आत्ता भरून काढ, आई म्हणाली. त्याला बसव.

मी तिला समजावलं. इथं सगळे खऱ्या माणसांचे चेहरे आहेत, हाही ओळखला जाईल. अपशकुनापुढे तिला पोलीस दिसत नव्हते. आणि खरं सांगायचं तर मलाही तो चेहरा हवा होता. घरात कुठंच नव्हता तो.

दुसऱ्या दिवशी मी रिकाम्या पाटाचा तुकडा फोडला, गवंड्यानं नवा गिलावा दिला आणि आई माझ्या मागे स्टुलावर येऊन बसली. डोळे मिटून ती सांगायची आणि मी काढायचे. कान जरा बाहेर, बाबांसारखे. खालचा ओठ भरलेला. डाव्या भुवईत खाच, जिन्यावरून पडला होता तेव्हाची. केस कपाळावर, कधी नीट विंचरले का मेल्यानं? मी त्याची मान खाली घातली होती, जेवताना असते तशी. म्हणजे चेहरा अर्धा झाकला असता. आईनं डोळे उघडले आणि तेवढंच तिला खटकलं. "मान खाली का? चोरी केलीय त्यानं?"

भिंत ओली होती, अजून वेळ होता. मी तेवढा गिलावा खरवडून नवा लावला आणि मान वर काढली. सरळ समोर बघणारा, घास हातात घेतलेला, काहीतरी वात्रट बोलायच्या बेतात असलेला आमचा धाकटा. इतकं चांगलं काम माझ्या हातून आधी झालं नव्हतं आणि नंतरही झालं नाही. आई जवळ गेली. ओल्या भिंतीला हात लावायचा नाही हे तिला ठाऊक होतं, म्हणून हात मागे बांधून उभी राहिली. "सावकाश होऊ दे, बाळा," म्हणाली. पंगतीत म्हणतात तसं, पण अगदी हळू.

गुढीपाडव्याला हॉल उघडला. नारळ फुटतो न फुटतो तोच सगळे भिंतीकडे धावले, आपापला चेहरा शोधायला. हा मी, ही तुमची सौ., अहो तुमचं नाक बघा कसं आलंय! मला मनात कुठंतरी वाटत होतं, की ज्याला त्याला स्वतःशी काम, मधल्या पोराकडे कोण बघतंय. पण बराकपूरहून आलेल्या एक बाई, मनानं अगदी निर्मळ, त्या भिंतीसमोर थांबल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, अगबाई, हा तर यांचा धाकटा, हुबेहूब! त्यांच्या यजमानांनी त्यांचा दंड धरला. आणि सगळे एकदम श्रीखंडाबद्दल बोलायला लागले. बाबा चित्राकडे पाठ करून उभे होते. त्यांनी ते त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं होतं.

कुणी चुगली केली नाही, हे मी आमच्या माणसांच्या बाजूनं सांगते. पेन्शनची चिंता करणारी, पापभिरू माणसं ती, पण कुणाच्या तोंडून बाहेर शब्द गेला नाही. संकट आलं ते वेगळ्याच वाटेनं. चिटणीस एका रविवारी घरी आले, चहाला नको म्हणाले, आणि घाम पुसत सांगितलं, की बाहेरून आलेल्या पोलिसांची तुकडी उतरवायला सरकारनं मंडळाचा हॉल मागितला आहे. नाही म्हणायची सोय नाही. चार दिवसांत माणसं येतील, तिथंच झोपतील, तिथंच जेवतील.

त्या भिंतीसमोर.

बाबांच्या तोंडचं पाणी पळालं. एवढी माणसं भिंतीवर, प्रत्येकाची जोडी बाहेर रस्त्यावर चालतीबोलती दिसणारी. कुणीतरी गंमत म्हणून विचारणारच, हा कोण, तो कोण, आणि हा मधला पोरगा कुठंय? ज्यांच्याकडे त्याचा चेहरा नव्हता त्यांच्या उशाशी आम्ही तो नेऊन ठेवला होता. चिटणिसांनी सुचवलं, चुना फासून टाकू वरून. मी म्हटलं, तेवढ्याच तुकड्यावर? सगळं चित्र सोडून पांढऱ्या ठिगळाकडेच नजर जाईल. मग दुसरा चेहरा रंगवा वरून. मी सांगितलं, सुकलेल्यावर काढलेलं टिकत नाही. कुणी ओला टॉवेल टेकवला तरी वरचा रंग निघेल आणि खालून तोच बाहेर येईल, जसाच्या तसा. सगळी भिंत पांढरी करा, असं बाबा म्हणाले, तर पोलीस यायच्या तोंडावर नवी भिंत पुसली म्हणजे उलट संशय, असं चिटणिसांचं म्हणणं पडलं, आणि तेही बरोबर होतं. एकच उपाय होता. फोडायचं, नवा गिलावा, दुसरं कुणीतरी.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, जेवत्या माणसाला पानावरून उठवत नाहीत.

बाबा तिच्यावर कधी ओरडायचे नाहीत, त्या दिवशी ओरडले. चित्र आहे ते, चुना आहे! तो मरेल तिकडे! ती म्हणाली, तो जिवंत आहे हे मला ती भिंत सांगते, तुम्ही काय ठेवलंत माझ्याकडे? चिटणीस बिचारे चपला शोधायला लागले. मी दोघांच्या मध्ये उभी होते आणि मला दोघांचाही संताप येत होता. आणि त्या धाकट्याचाही. क्रांती करायला गेलाय म्हणे, आणि इथं आईबापांची ही दशा!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी छिन्नी-हातोडी घेऊन निघाले तेव्हा आई चपला घालून दारात तयार होती. मला वाटलं अडवायला येतेय. हॉलमध्ये पोचल्यावर तिनं माझ्या हातातून छिन्नी घेतली. "तू नको, आणि त्यांनी तर नकोच," म्हणाली. "पानावरून पोराला उठवायचं तर आईनंच."

मी तिला फक्त धरायचं कसं ते दाखवलं. तिनं पदर खोचला, त्याच्यासमोर बसली, म्हणाली, "पुरे झालं, राजा. ऊठ आता." आणि पहिला घाव घातला.

तिला वाटलं असावं, भुगा होईल आणि चेहरा जाईल. तसं होत नाही. रंग गिलाव्यात मुरलेला असतो, त्यामुळे तुकडा निघतो तो चेहऱ्याचाच. गालाचा एक, कानाचा एक. भुवईचा, त्या खाचेसकट. प्रत्येक तुकडा ती पदरात घेत गेली. मी तोंड फिरवून गिलावा कालवत बसले. संध्याकाळपर्यंत त्या जागी मी एक वाढणारी बाई काढली, पाठमोरी, वाकलेली. तिला चेहरा द्यायचा प्रश्नच नव्हता.

बाबा ऑफिसातून परस्पर हॉलवर आले, सोबत कापडी पिशवी घेऊन. तुकडे हावड्याच्या पुलावरून गंगेत टाकून येतो, म्हणाले.

"गंगेत काय सोडतात, कळतं ना तुम्हाला?" आई म्हणाली. "माझा मुलगा जिवंत आहे."

बाबांनी पिशवीची घडी केली. तुकडे घरी आले आणि पापडाच्या डब्यात, जुन्या साडीत गुंडाळून ठेवले गेले.

पोलीस आले, पावसाळा संपेपर्यंत राहिले. त्या पंगतीखाली त्यांच्या पंगती बसल्या. कुणी काही विचारलं नाही. आम्ही सुटलो, असं मला वाटलं. पण त्याच पावसाळ्यात भाजीवाल्याचे दोन शब्द यायचे थांबले. फेरीबोटीवर कुणाला तो दिसेना. आई म्हणायची, लांब गेला असेल, बरंच झालं. बाबा म्हणायचे, हो. अशी वर्षं गेली. माझं लग्न ठरत होतं ते मी मोडलं, त्याचं कारण वेगळं होतं, पण घर सोडून जावंसं वाटलं नाही हेही खरं. कधीमधी दुपारी आई डबा उघडून बसलेली दिसायची. मी आत जात नसे.

सत्त्याहत्तर साली सरकार बदललं आणि तुरुंगांची दारं उघडली. गल्लीतली दोन पोरं परत आली, केस पांढरे झालेली, एकाचा पाय वाकडा. बाबा निवृत्त झाले होते, आणि क्वार्टर सोडावं लागलं तरी आम्ही त्याच गल्लीत भाड्यानं राहत होतो. ते रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून कुठल्या ना कुठल्या तुरुंगाच्या फाटकाशी जाऊन उभे राहायचे आणि दुपारी परत यायचे. आई विचारायची नाही, ते सांगायचे नाहीत.

एका दुपारी, बाबा यायच्या आधी, एक मुलगा आला. मुलगा कसला, तिशीचा बाप्या, पण हडकुळा. आईला माशीमा, म्हणजे मावशी, म्हणाला, पाया पडला आणि खुर्चीवर न बसता जमिनीवर बसला. तो आमच्या धाकट्याबरोबर होता. त्यानं सगळं सरळ सांगितलं. त्या पावसाळ्यात, नदीकाठी, दोघंतिघं एकदम सापडले. त्याला स्वतःला गाडीत घातलं. धाकट्याला तिथंच गोळी घातली. पुढं त्या देहाचं काय झालं ते त्याला ठाऊक नव्हतं. आणि मग तो आईला धीर द्यावा म्हणून म्हणाला, "पोलिसांना शेवटपर्यंत कळलं नाही तो कोण ते, माशीमा. नाव सांगितलं नाही त्यानं. आणि ओळखणारं कुणी नव्हतं."

आई त्याच्याकडे बघत होती. मी आईकडे बघत होते. ओळखणारं कुणी नव्हतं. म्हणून कुणी आमचं दार वाजवलं नाही, म्हणून कुणी बाबांना बोलावलं नाही. आईनं त्याला जेवूनच जा म्हटलं. तो जेवेपर्यंत ती त्याच्यासमोर बसून वाढत होती आणि तो संकोचून पुरे पुरे म्हणत होता. बाबा आले तेव्हा तो गेलेला होता. आईनं त्यांना काही सांगितलं नाही, आणि मलाही डोळ्यांनीच गप्प केलं.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तिनं मला उठवलं. डबा तिच्या हातात होता. आम्ही ट्रामनं घाटावर गेलो. ओहोटी होती, पाणी खाली गेलं होतं. शेवटच्या पायरीवर बसून तिनं साडी उलगडली आणि एकेक तुकडा पाण्यात ठेवला. टाकला नाही, ठेवला. इतक्या वर्षांत ते तुकडे फिकट, धुरकट दिसायला लागले होते. पाणी लागताच रंग वर आले. गाल तांबूस झाला, भुवई काळीभोर झाली. वीतभर पाण्यातून तो वर बघत होता, मी काढला त्या दिवशी होता तसाच. मला रडू आवरेना. आई रडली नाही. भरती येऊन पाणी गढूळ होईपर्यंत ती तिथंच बसून राहिली.

घरी आलो तेव्हा बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, हातात छत्री घेऊन फाटकाकडे निघायच्या तयारीत होते. आई त्यांच्या शेजारून सरळ न्हाणीघरात गेली. डोक्यावरून पाणी घेतल्याचा आवाज आला, एक तांब्या, दुसरा तांब्या. मग ती ओल्या केसांनी बाहेर आली, तशीच, न पुसता, आणि त्यांच्यासमोर उभी राहिली. बाबांनी तिच्याकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. त्यांनी छत्री कोपऱ्यात ठेवली, चपला काढल्या, शर्टाची बटणं एकेक करून सोडली, दोरीवरचा पंचा घेतला आणि तेही अंघोळीला गेले.